सहा ज्योती

खिडक्यांची मापं घेणं हे माझं काम.
रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी,
त्यातला सगळ्यात लहान आकडा खरा धरायचा.
जुनी घरं काटकोनात उभी नसतात,
आणि कबूलही करत नाहीत.

गिमली गाव. विनिपेग सरोवराचा काठ.
इंगुन बार्डार्सन बाईंच्या घराला खिडक्या बारा.
बाहेर उणे एकतीस.
खिडक्यांच्या तळाशी टॉवेलांच्या वळकट्या,
काचेवर आतून धरलेलं बर्फ,
त्यात नखानं खरवडलेलं एक भोक,
डोळ्याएवढं.

निजायच्या खोलीत मी उदबत्ती लावली.
देवाबिवासाठी नाही, फट शोधायला.
धूर सरळ वर जायला हवा होता.
तो वाकला आणि थेट उशीकडे गेला.
"ह्याच्याशेजारी झोपते मी," बाई म्हणाल्या.

मुलगा कॅल्गरीहून पैसे देणार आहे.
त्यानं गॅसचं बिल पाहिलंय.

नमुन्याची काच मी टेबलावर उभी केली,
समोर लायटर धरला. म्हटलं, मोजा.
त्यांनी चष्मा पुसला, बोट हवेत हलवत मोजलं.
सहा.
तीन काचा, प्रत्येकीला दोन अंगं,
म्हणून सहा ज्योती, एकीमागे एक.
"ह्यातली एक जांभळट का?"
तिथं चांदीचा लेप आहे, डोळ्याला न दिसणारा;
घरातली ऊब काचेपर्यंत आली
की तिला मागे फिरवतो.
"आणि मधल्या पोकळीत?"
आर्गॉन. वायू आहे. जड, आळशी.
कुणात मिसळत नाही, काही करत नाही.
"म्हणजे माझे सासरे."

मग आम्ही घरभर फिरलो, टेप आणि वही घेऊन.
दक्षिणेला ऊन आत सोडणारी काच घ्या,
हिवाळ्यात फुकट मिळतं ते तेवढंच.
पश्चिमेला कडक घ्या, जुलैतली संध्याकाळ भाजून काढते.
उत्तरेला तर विचारूच नका, तिहेरी.
"आणि ही स्वयंपाकघरातली, पूर्वेची,
ही राहू दे."

का, असं मी विचारणार, एवढ्यात त्यांनी हात वर केला.
दूर कुठंतरी कुणी जाड पत्रा वाकवला,
मग एक शीळ, लांबत लांबत गेलेली.
"तळं बोलतंय. बर्फ बसतंय खाली.
ओलाफुर जाळी काढून परतायचा तेव्हा
आधी हे ऐकू यायचं, मग त्याचं इंजिन.
त्या दोन आवाजांच्या मधे मी बटाटे चढवायचे.
कधी कच्चे राहिले नाहीत."

मी गप्प. पेन्सिलीला टोक करत बसलो.

"तो तळ्यात नाही गेला हं. सगळ्यांना तसंच वाटतं.
इस्पितळात गेला. छान खिडक्या होत्या तिथं,
तुझ्यासारख्याच. न उघडणाऱ्या.
शेवटचे तीन आठवडे वारा कुठला
ते विचारत होता तो. मला सांगता येईना."

मी कर्तव्य म्हणून हिशोब मांडला:
ह्या एका खिडकीतून वर्षाला किती डॉलर उडतात.
त्यांनी आकडा लांब धरून वाचला.
"एवढेच? कॉफीवर जास्त जातात."
बाहेरून जादा झडप टांगू, हवी तेव्हा काढा.
"जानेवारीत शिडीवर कोण चढणार, तू?"
निदान कडेनं रबराची पट्टी?
"पट्टी लाव. पट्टीला माझी हरकत नाही."

अर्जावर लिहिलं: अकरा.
बाराव्या ओळीत कारण लिहायचं असतं.
'ऐकण्यासाठी' असं लिहिलं. खोडलं.
'ग्राहकाची इच्छा' लिहिलं.

आमच्या घरात सगळ्या तिहेरी, मीच बसवलेल्या.
इतकं शांत, की फ्रिज दमला की कळतं.
रात्री उठून मी कडी फिरवली, बोटभर उघडली.
"पैसे कोण जाळतंय रे?" आतून लेस्या ओरडली.
थांब जरा.
आमच्याकडे तळं नाही.
रस्त्यावरचं बर्फ ओढणारी गाडी गेली एक,
आणि कुणाचं तरी कुत्रं,
आणि वारा. उत्तरेचा.